आल्फ्रिस्टनचे पाद्र्याचे घर

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील आल्फ्रिस्टन गावी, सेंट अँड्र्यू चर्चच्या शेजारी, १४व्या शतकातील एक शाकारलेले घर उभे आहे. 'क्लर्जी हाउस' म्हणून ओळखली जाणारी ही वास्तू ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गस्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९६ साली अवघ्या १० पौंडांना विकत घेतली. संस्था स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते आणि तिने घेतलेली ही पहिलीच इमारत होती. राजवाडा किंवा किल्ला न निवडता गावातल्या पाद्र्याचे पडके घर निवडणे हा त्या संस्थेचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, असे माझे ठाम मत आहे.

कारण या घरात धर्मसत्तेचा थाट कुठेच नाही. ओक लाकडाची चौकट, तिच्यात कुडाच्या भिंती, मधोमध थेट छपरापर्यंत उघडे असलेले मोठे दालन आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, ही त्या भागातल्या सधन शेतकऱ्याच्या घराचीच रचना आहे. दोन्ही टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतीपुढे डोकावतात, त्यामुळे मधले दालन आत सरकल्यासारखे दिसते. पण छप्पर मात्र एकसलग आहे आणि दालनासमोर त्याची कड पेलणाऱ्या तुळईला वाकडे टेकू दिलेले आहेत. अशा घरांत मुळात धुराडे नसे. दालनातल्या चुलाण्याचा धूर वाशांमधून वाट काढत छपराबाहेर जाई. दालनातली जमीन खडूच्या चुऱ्याची, धोपटून घट्ट केलेली आणि आंबलेल्या दुधाने बंद केलेली आहे. शेणाने सारवलेली जमीन पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना त्यामागची बुद्धी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९व्या शतकात घर मोडकळीस आले होते. गावचे पाद्री बेनन यांनी ते वाचवण्यासाठी धडपड केली, ट्रस्टच्या संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांनी ती मनावर घेतली आणि दुरुस्तीचे काम आल्फ्रेड पॉवेल या वास्तुरचनाकाराकडे आले. दुरुस्तीला खरेदीच्या कितीतरी पट पैसे लागले. तरीही जुने लाकूड काढून नवे, देखणे मध्ययुगीन घर उभारण्याचा मोह टाळला गेला, याचे मोल मला फार वाटते.

दुरुस्तीपूर्वी या घरात शेतमजुरांची कुटुंबे राहत होती आणि तो काळ घराच्या इतिहासात अवनतीचा म्हणून ओझरता येतो. मला हे अन्यायाचे वाटते. एखाद्या धनिकाच्या हाती ते पडले असते, तर ऐपतीप्रमाणे पाडून कधीच नवे बांधले गेले असते.