वणव्याला कळवा, निधी मार्च एंडला येतोय

गावाभोवतीचं रान वणव्यापासून वाचवायचंय आणि त्यासाठी सरकारी निधी हवाय? उत्तम विचार. आमच्या गावाने यंदा हाच उद्योग केला. सडा, म्हणजे गावावरचं जांभ्याचं पठार, जळाला, पण अनुभव भरपूर मिळाला. फुकट वाटतोय, घ्या.

सर्वात आधी, घाई करू नका. गवत-पाचोळा काढून पट्टा मोकळा केला की आगीला पुढे खायला काही उरत नाही, यालाच जाळरेषा म्हणतात. हे काम गवत वाळायला लागलं की डिसेंबर-जानेवारीत उरकायचं, कारण आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. हे वनखात्याच्याच कागदांवर छापलेलं असतं. म्हणून निधी मार्चमध्ये येतो. केंद्राच्या वणवा प्रतिबंध योजनेत 60 टक्के केंद्राचे, 40 राज्याचे. इतक्या लांबून येणाऱ्या पाहुण्याला उशीर व्हायचाच.

प्रस्ताव मात्र मन लावून करा. ठराव, गट नंबर, नकाशा, गावच्या वन समितीचं पासबुक. आमच्या समितीचं खातं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं. व्यवहार का नाही? निधी आला नाही. निधी का आला नाही? खातं बंद. तेवढं केवायसी करून चालू केलं, तर निघालं फोटोचं. 'कामापूर्वीचा' जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो हवा आणि त्यात गवत उभं दिसलं पाहिजे. नोव्हेंबरात दिला होता की! तो म्हणे ॲपमधून काढलेला नाही, बाद. हे आम्हाला कधी कळवलं? फेब्रुवारी सरता सरता. तोवर सडा काळाठिक्कर. कमरेएवढ्या गवताच्या जागी राख, काजूची कलमं उभ्या उभ्या भाजलेली, ठिबकच्या नळ्या वितळून जांभ्याला चिकटलेल्या. तरी फोटो काढला, पाठवला. उत्तर आलं, 'फोटोत गवत दिसत नाही.' दिसेल कसं हो? जळालं ना ते! मग साहेबांनीच तोडगा सुचवला, हाच फोटो 'काम झाल्यानंतरचा' म्हणून लावा, गवत काढून जाळल्याचं स्वच्छ दिसतंय. वर म्हणाले, काम छान झालंय.

उपग्रहावर विश्वास ठेवा. आग दिसली की डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर मेसेज येतो. उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो, तेव्हा वणव्याने वेळ पाळावी. आणि रेंज असलेल्या जागीच लागावं.

पाचोळा उडवायचा ब्लोअर मिळाला तर पेट्रोल मागू नका.

वनरक्षक जागेवर नसेल तर रागावू नका. 2024 साली उत्तराखंडात डोंगर पेटलेले असताना वनखात्याची माणसं निवडणुकीच्या ड्युटीवर कशी, असं सर्वोच्च न्यायालयाला विचारावं लागलं होतं. पैसे कुठे खर्चावेत हे सुचत नसेल तरी तिकडेच बघा. वनीकरणाच्या कॅम्पा निधीतून आयफोन, लॅपटॉप, फ्रिज घेतल्याचं सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने लिहून ठेवलंय. फ्रिज निदान थंड तरी असतो.

आणि बॅनर विसरू नका. गेल्या आठवड्यात आमच्या जळक्या सड्यासमोर 'वणवामुक्त गाव'चा फ्लेक्स लागला, नारळ फुटला, चहा झाला. फ्लेक्सचे पैसे बरे वेळेवर आले!

पुरे आता. पावसात गवत चांगलं फुटतं म्हणून काडी टाकणारे आपल्यातलेच आहेत, सशाच्या शिकारीपायी डोंगर पेटवणारेही आपल्यातलेच. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे आणि कोणी काडी टाकली हे अख्ख्या वाडीला माहीत असतं. नाव घ्यायची वेळ आली की सगळे मुके. लाज वाटू द्या.

आणि साहेब, नोव्हेंबरातल्या कागदावर जानेवारीत सही करायला नेमकं काय लागतं? रात्री आग बागेत शिरली तेव्हा बायाबापड्या ओल्या डहाळ्या घेऊन धावल्या, हातात मोजे नाहीत, पायात नीट चपला नाहीत. काजूचं कलम धरायला तीन-चार वर्षं जातात, ती कोण भरून देणार? पंचनाम्याला आलात आणि विचारलंत काय, तर आग जंगलातून बागेत आली की बागेतून जंगलात गेली! पुढच्या हंगामाचा प्रस्ताव ऑक्टोबरातच तुमच्या टेबलावर येईल. डिसेंबरात पैसे टाका, नाहीतर सरळ नाही म्हणून लिहून द्या. वर्गणी काढून विळे आम्ही चालवू.