दहावा

कोकणात आमच्या ज्यू पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. धर्माप्रमाणे त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही सुट्टी. त्या बैलाचा मला फार हेवा वाटतो. कारण मला शनिवारी सकाळी साडेसातला आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून सिनेगॉगात, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, हजर व्हावं लागतं. मी दहावा आहे.

आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. याला मिन्यान म्हणतात. नऊ जण असले तर बऱ्याच प्रार्थना होतात, पण कद्दीश ही देवाच्या स्तुतीची प्रार्थना म्हणता येत नाही आणि सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही. नऊ जण मग दाराकडे बघत बसतात. आमच्या गावचं सिनेगॉग शंभरेक माणसांच्या बेताने बांधलेलं आहे. बाकं अजून तेवढीच आहेत. बसणारे 1948 नंतर एकेक घर करून इस्रायलला गेले, आणि नारळाच्या रसातलं कालवण आता अश्दोद आणि दिमोनात शिजतं. राहिलेल्यांतले बहुतेक ठाणे-मुंबईला. 2016 साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा आमचे गब्बाई, म्हणजे सिनेगॉगचे कारभारी, पेपरची घडी करत म्हणाले, “सरकारला आज कळलं. मला दर शनिवारी कळतं.”

हे गब्बाई माझ्या वडिलांचे आतेभाऊ, त्यामुळे मला पळवाट नाही. शुक्रवारी दुपारपासून त्यांचे फोन सुरू होतात, कारण सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि काका फोनला हात लावत नाहीत. नेमकी त्याच वेळी बायको मला मनुका पिळायला बसवते. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, द्राक्षरस हवा. कोशर, म्हणजे धर्माला चालणारी, वाइन कोकणात कुठली मिळायला, म्हणून आमच्या लोकांनी काळ्या मनुकांच्या सरबतावर भागवलं. मनुका सकाळीच भिजत घालायच्या, टम्म फुगल्या की कुस्करायच्या आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. फडकं पिळताना रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो आणि तिथून थेट बनियनवर. अशा अवस्थेत खांद्याने फोन कानाशी दाबून मी ऐकत असतो.

“उद्या येतोयस ना? नक्की? शपथ घे बघू.”

“काका, आपल्यात उगाच शपथ घेत नाहीत.”

“मग नुसताच ये.”

एवढ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. शनिवारी सकाळी ते जातीने येतात. दारावरची बेल विजेची, म्हणजे तीही वर्ज्य. मग बोटातल्या अंगठीने खिडकीचं ग्रिल वाजवतात. अख्खी आळी जागी होते. समोरचे पाटील गॅलरीतून मला हाक मारतात, “उठा, नऊ झालेत!” घड्याळात साडेसातही वाजलेले नसतात. झालेली असतात माणसं.

पाटील आता आमच्या धर्मात आमच्यापेक्षा मुरलेत. शब्बाथला आम्ही बटण दाबत नाही, आणि दुसऱ्याला सरळ ‘दाब’ असंही सांगत नाही. सिनेगॉगाच्या ओट्यावर उभं राहून “काय उकडतंय!” एवढं हवेत बोलायचं, की पाटील आत जाऊन पंखा लावून येतात. एकदा काका खरोखरच नुसते हवामानाबद्दल बोलत होते, तरी पाटलांनी सगळे पंखे फुल करून टाकले. प्रार्थना चालवणाऱ्या हजानांचं पुस्तक स्वतःच पानं उलटत पार हनुक्काच्या सणापर्यंत गेलं.

माणसं बोट दाखवून मोजायची नाहीत असा आमच्यात रिवाज. म्हणून स्तोत्रातलं दहा शब्दांचं एक हिब्रू वचन म्हणतात, डोक्यागणिक एक शब्द. ‘होशिया’ म्हणजे हजान, पुढचा ‘एत’ म्हणजे मेडिकलवाले मामा, असे शब्द आता ठरूनच गेलेत. शेवटचा ‘हाओलाम’ माझा. पायऱ्या चढताना मला आतून काकांचा आवाज येतो. नवव्या शब्दाशी, ‘अद’पाशी, तो थांबतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, जणू मघाशी एखादं डोकं बाकाखाली राहिलं असेल. पुन्हा ‘अद’.

तो ‘अद’ म्हणजे माझा भाचा. नुकताच तेरा पूर्ण झालाय, आणि आपली किंमत त्याला बरोबर कळली आहे. “दहाला मॅच आहे, आटपेल ना?” असं तो हजानांना विचारतो, आणि हजान, ज्यांनी आयुष्यात कोणासाठी प्रार्थना आखडती घेतली नाही, ते मान डोलावतात.

वरच्या सज्जात बायको, सासूबाई आणि दोन मावश्या. चौघींना सगळं तोंडपाठ. हजान चुकले की वरून खोकला येतो. बायकोचं म्हणणं, “आम्ही वरून अख्खी प्रार्थना म्हणतो, त्या मोजायच्या नाहीत. तू खाली पेंगतोस, तो मोजायचा.” यावर शास्त्रात उत्तर असणार. मी शोधायच्या भानगडीत पडलेलो नाही.

क्वचित सुटका होते. इस्रायलहून कोणीतरी हाफपँटमध्ये येतो, “माज्या आज्याचं घर हितंच व्हतं” म्हणतो, आणि काका त्या पिकल्या केसांच्या माणसाला चहापाण्याच्या आधी विचारतात, “तेरा पूर्ण आहेत ना?”

परवाच्या शनिवारी रात्री मेहुणीकडे मलिदा होता. मुलाला नोकरी लागली, म्हणून एलियाहू हन्नबीचा, म्हणजे आमच्या प्रेषित एलियाहूचा, नवस फेडायचा होता. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर या हन्नबीच्या रथाच्या खुणा आहेत असं आम्ही मानतो. (इतक्या जवळ येऊन गेला होता, तर एखाद्या शनिवारी दहावा म्हणून बसायला हरकत नव्हती.) परातीत भिजवलेल्या पोह्यांचा ढीग, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती केळी, सफरचंदं, खजूर, आणि वास घेऊन आशीर्वाद म्हणायला सब्जाची डहाळी. आणि माणसं? सत्तावीस! सकाळी ज्यांचा गुडघा धरला होता ते तीन मजले चढून आले. ज्यांना पोटात कळ होती त्यांनी दुसऱ्यांदा ताटली पुढे केली. काका दाराशी उभे राहून मोठमोठ्याने मोजत होते. ताटल्या मोजायला बंदी नाही.

वाढायला मी होतो, त्यामुळे माझा नंबर शेवटचा. परातीत एक काळं पडलेलं केळं आणि सब्जाची काडी उरली होती. काकांनी परातीत डोकावून पाहिलं.

“बघ,” ते म्हणाले, “वेळेवर यावं.”