सल्ला बदलला म्हणून डॉक्टर खोटे ठरत नाहीत

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डॉक्टर सारखे सल्ले बदलतात, म्हणजे त्यांनाच काही कळत नाही. संशोधन गोऱ्यांवर होतं, ते आपल्याला लागू नाही. त्यापेक्षा जुन्या डॉक्टरांचा अनुभव खरा.

आधी सल्ले बदलण्याचं. मेसेजमध्ये कोविडच्या प्लाझ्माचं, म्हणजे बरं झालेल्यांच्या रक्तातला द्रव आजाऱ्याला देण्याचं, उदाहरण आहे, तेच घेऊ. 2020 मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी केली. साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला, बाकीच्यांना दिला नाही; कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. आजार गंभीर झालेले किंवा दगावलेले रुग्ण प्लाझ्मा गटात 19 टक्के, दुसऱ्या गटात 18. म्हणजे फायदा नाहीच. हे त्याच ऑक्टोबरात प्रसिद्ध झालं. सरकारी सूचनांमधून प्लाझ्मा निघाला मे 2021 मध्ये! मधला एप्रिल आठवा. रात्री दोन वाजता ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा डोनर हवा, अर्जंट’ असे मेसेज येत होते, आणि पेशंटची मुलं एका रक्तपेढीतून दुसरीकडे धावत होती. राग यायचा तर सल्ला इतक्या उशिरा बदलला याचा यावा. मला तो अजून येतो.

असा उशीर सगळीकडे होतो. वेळेआधी बाळंत होणाऱ्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की बाळाच्या फुप्फुसांना फायदा होतो, हे न्यूझीलंडमधल्या चाचणीने 1972 मध्येच दाखवलं होतं. अमेरिकेत त्याची ठाम शिफारस व्हायला 1994 उजाडलं.

‘गोऱ्यांवरचं संशोधन’ हे तर पुणेकरांनी म्हणूच नये. एचआयव्ही असलेल्या माणसाला प्रतिकारशक्ती घसरायची वाट न बघता लगेच औषधं सुरू केली, तर जोडीदाराची लागण टळते का, हे नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांमध्ये तपासलं गेलं. त्यात पुण्याचं केंद्रही होतं. 2011 मध्ये निकाल आला: जोडीदाराकडूनच झालेल्या 28 लागणींपैकी 27 उशिरा औषध सुरू केलेल्या गटात, लवकरच्या गटात फक्त एक. निदान झालं की औषध, हे धोरण भारताने 2017 मध्ये स्वीकारलं. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या भारतीय लसीच्या चाचणीतही पुण्याजवळच्या वढूची बाळं होती.

राहिला अनुभव. तो लागतोच, पेशंटकडे बघून काय चुकतंय हे ओळखणं त्याशिवाय जमत नाही. पण औषधाने माणूस जगला की औषध घेऊनही जगला, हे एकट्या अनुभवाला सांगता येत नाही. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडू नयेत म्हणून अमेरिकेत काही औषधं वर्षानुवर्षं दिली जात होती. ईसीजी सुधारलेला दिसायचा, डॉक्टर समाधानी असायचे. 1980 च्या दशकाअखेर चाचणी झाली, तेव्हा त्यातल्या दोन औषधांच्या गटात 755 पैकी 63 जण दगावले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. दवाखान्यात बसून हे कळणार कसं? दगावलेला पेशंट फॉलोअपला येत नाही, आणि ज्याचा ईसीजी छान आलाय तो पुढच्या महिन्यात पेढे घेऊन येतो.