रॉड होल्डर कशासाठी? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मिल लॅक्स या अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या तळ्यावर, हिवाळ्यात बर्फात भोक पाडून गरवण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "चाळीस वर्षं मालवणात गरवतोय. दोरी बोटावर असली की मासा नुसता हुंगून गेला तरी कळतो. तुम्ही रॉड स्टँडला लावून बसता, हे गरवणं नव्हे. त्यात स्टँड बर्फात गोठवायला सांगता. मासा लागल्यावर स्टँड उखडत बसायचं का?" शेवटी असंही लिहिलंत, की रॉड सोडून बसलं की मासा गरी गिळतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो तुमचा बरोबर आहे आणि माझ्या लेखात तो यायला हवा होता. मिल लॅक्सवर कोणत्या लांबीचा वॉलाय (इथला खायचा मासा) ठेवायचा, याचे नियम दरवर्षी बदलतात. त्यात न बसणारा मासा पाण्यात परत सोडावाच लागतो. गरी घशात गेलेला मासा सोडला तरी जगेल याची खात्री नसते. त्यामुळे होल्डर, म्हणजे रॉड टेकवायचा हा स्टँड, हात पोचेल इतक्या अंतरावरच हवा. तंबूत शेकत बसून लांबून रॉडकडे बघायचं, हे मलाही पटत नाही.

पण बोटावरच्या दोरीचं इथे जमत नाही, काका. उणे वीस अंशांत ओली दोरी उघड्या बोटावर धरली, तर थोड्याच वेळात बोटाला काही कळेनासं होतं. शिवाय मिनेसोटात हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकता येतात. एक रॉड माझ्या हातात असतो, तो मी सारखा हलवत असतो. दुसऱ्याला जिवंत छोटा मासा लावून तो स्थिर ठेवतो. होल्डर लागतो तो या दुसऱ्यासाठी.

आता गोठवण्याबद्दल. गोठवायचे ते स्टँडचे पाय. रॉड वरच्या खाचेत नुसता टेकलेला असतो. खाली ओढला तर सुटू नये आणि वर उचलला तर अडू नये, एवढंच त्या खाचेचं काम. मासा लागला की रॉड उचलायचा, स्टँड तिथेच राहतो. मी हे लेखात नीट लिहिलं नव्हतं, म्हणून तुमचा गैरसमज झाला.

हे मी शिकलो ते एक रॉड गमावून. पहिल्याच हिवाळ्यात रिकाम्या बादलीच्या काठाला होल्डर अडकवला होता. रॉडचं टोक भोकाच्या बरोबर वर नव्हतं, वीतभर अलीकडे होतं. त्यामुळे दोरी तिरकी आणि ओढही तिरकी. संध्याकाळी मोठा मासा लागला, बहुतेक नॉर्दर्न पाइक. गुळगुळीत बर्फावरून बादली सरसर भोकाकडे गेली आणि आडवी झाली. मी दोन पावलांवर होतो. आठ इंचांच्या भोकातून अडीच फुटी रॉड टोकाकडून असा आत गेला, की मुठीचा कॉर्क तेवढा दिसला. पैशांचं मला फार वाटलं नाही. पण त्या माशाच्या तोंडात गरी होती आणि मागे रॉड. तो कुठे अडकून मेला असेल, हा विचार अजून जात नाही.

तेव्हापासून स्टँडचे पुढचे दोन पाय भोकाच्या दोन बाजूंना ठेवतो आणि रॉडचं टोक भोकाच्या मधोमध. मग ओढ सरळ खाली आणि पायांच्या मध्येच येते, स्टँड पुढे कलंडत नाही. भोक पाडताना निघालेला ओला भुसभुशीत बर्फ पायांवर थापून बुटाने दाबतो. उणे पंधराला तो लवकरच दगडासारखा होतो. निघताना पायांभोवतीचा बर्फ छिन्नीने हळूहळू फोडायचा. लाथ मारली तर थंडीने कडक झालेलं प्लॅस्टिक तुटतं आणि तुकडे तळ्यात जातात. रीलचा ड्रॅगही (दोरी सुटताना तिला अडवणारा ताण) सैल ठेवतो, हाताने हलकं ओढलं तरी दोरी सुटेल इतका. शिवाय मुठीपासून सामानाच्या घसरगाडीपर्यंत एक नायलॉनची दोरी बांधतो, रॉड उचलताना आड येणार नाही इतकी ढिली.

गिळण्याबद्दलचा तुमचा मुद्दा आज मूळ लेखात घातला आहे, होल्डर किती अंतरावर ठेवायचा त्या परिच्छेदात. आणि एक विचारायचं आहे. मासा नुसता हुंगतोय की खरंच घेतोय, हे बोटाला नेमकं कसं कळतं? सवडीने सविस्तर लिहा. हातातल्या रॉडसाठी मला ते हवं आहे.