भाऊ, गादी आमच्या चुकीने गेली. औषधाची खोकी मात्र आजही घेणार नाही

नमस्कार भाऊ,

मी या गोदामाची मालकीण. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. काल वहिनींशी फोनवर बोलले आणि मग तुमची खोली स्वतः उघडून पाहिली, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

इथं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगते. जुनं मातीचं घर पाडून नवं बांधायला काढलं म्हणून तुम्ही मृगाच्या तोंडावर घरचं सामान आणि तुमच्या कृषी केंद्राचा काही माल आमच्याकडे सात महिन्यांसाठी ठेवला. दसऱ्याला खोली उघडली तर दोन गाद्यांना बुरशी आणि वहिनींच्या पुस्तकांच्या खोक्याला उधई. त्याआधी आम्ही फवारणीच्या औषधाची खोकी आणि तुरीची पोती दारातूनच परत पाठवली होती. संध्याकाळी सातनंतर गेट उघडत नाही. भाड्यावर 18 टक्के वेगळे लागले. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘गोदाम म्हणे, पण नियम शाळेसारखे.’ दोन स्टार.

गाद्या आणि पुस्तकं आमच्यामुळे गेली. यात मला काही वाद घालायचा नाही.

हे गोदाम माझ्या सासऱ्यांनी सरकी-ढेपेसाठी बांधलं. ढेप कोंडली की तापते, बुरशी धरते. म्हणून त्यांनी भिंत आणि टिनाच्या मध्ये चारही बाजूंनी वीतभर फट ठेवली. ढेपेसाठी ती फट सोन्यासारखी. 2019 मध्ये आम्ही आत भिंती घालून खोल्या केल्या तेव्हा फटीला बारीक जाळी मारली. उंदीर थांबले, पण पश्चिमेकडून झड लागली की पाण्याचे तुषार जाळीतून आत येतातच. तुमची खोली पश्चिमेची शेवटची. जुलैमध्ये आठवडाभर झड राहिली, तेव्हा हे झालं. त्यात गाद्या आमच्याच पोरांनी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्या होत्या, चांगल्या हेतूनं. पण प्लास्टिकच्या आत शिरलेली ओल बाहेर येत नाही. गादी जुन्या सुती चादरीत बांधून, फळीवर उभी ठेवायला हवी होती.

उधईचं कारण आपल्या जमिनीत आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि या खालच्या हालचालीने वरचा कोबा कुठे ना कुठे तडकतो. केसाएवढा तडा उधईला पुरतो. ती मातीची नळी करत वर येते आणि पहिला पुठ्ठा लागेल तिथं घर करते. वहिनींचं खोकं थेट कोब्यावर होतं, भिंतीला टेकून. त्यांच्या बीएडच्या वह्या त्यात होत्या हे काल कळलं. त्या मी परत आणू शकत नाही आणि याचं मला फार वाईट वाटतं आहे.

अजून एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मीच लिहिते. आमच्या खोल्यांना कुलूप ग्राहकाचं असतं, किल्ली ग्राहकाकडे. आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही आणि त्याची जबाबदारीही आम्ही एरवी घेत नाही. पण दुकानाचा मुलगा अधूनमधून पंप न्यायला येणार म्हणून तुम्ही दुसरी किल्ली आमच्या ऑफिसात दिली होती. किल्ली आमच्याकडे असताना झडीनंतर एकदा आत डोकावणं आमचं काम होतं. करार कायदा 1872 सालचा आहे, पण त्यातलं सांगणं साधं आहे: दुसऱ्याचा माल ताब्यात घेतला तर शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाला जेवढं जपेल तेवढं जपा. आम्ही तेवढं जपलं नाही.

पण खरी चूक जूनमध्येच झाली. तुम्ही फोनवर विचारलं, ‘दोन खोल्यांचं सामान मावेल का?’ आमच्या माणसाने सांगितलं, ‘दहा बाय दहात मावते.’ मावलंही. मात्र सामानात काय काय आहे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत राहणार, मधे काय काढावं लागेल, यातलं एकही त्याने विचारलं नाही. जागा निवडताना लोक मापं आणि भाडं विचारतात, ते साहजिक आहे. पण आपल्या भागात मापाइतकाच ऋतू महत्त्वाचा. तुमचीच खोली दिवाळी ते होळी गाद्यांना छान आहे. तीच खोली एप्रिल-मे मध्ये टिनाखाली अशी भाजते की फ्रिजच्या दाराचं रबर कडक होतं, दिवाणाचं पॉलिश फुगतं, बॅटऱ्या खराब होतात. स्लॅबखालच्या आतल्या सहा खोल्या बारमाही चालतात, त्यांचं भाडं जास्त आहे. तुम्हाला त्यातली एक दाखवायला हवी होती. किंवा निदान गाद्या आणि पुस्तकं त्यात आणि बाकीचं लोखंड पश्चिमेला, असं वाटून ठेवता आलं असतं. घरचं सगळं सामान एकाच खोलीत असावं हा हट्ट ग्राहकाचा नसतोच, तो आमच्या सोयीचा असतो.

एका बाबतीत जागेला बोल लावू नका. जोतं अडीच फूट आहे. 2023 च्या जुलैमध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पूर आला तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं. कुठेही सामान ठेवायला जाल तर आधी जोतं पाहा, मग टिनाखाली उभं राहून वर उजेड दिसतो का ते पाहा. शक्य असेल तर पावसात जाऊन पाहा. उन्हाळ्यात प्रत्येक गोदाम कोरडंच दिसतं.

आता औषधाची खोकी. इथं मी मागे हटणार नाही, भाऊ. तुम्हाला राग आला कारण सील न फोडलेली खोकी होती आणि फक्त पंधरा दिवसांचा प्रश्न होता. पण कीटकनाशकं इतर सामानापासून वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या कुलूपबंद कपाटात ठेवायची असा नियमच आहे, आणि तुमचा परवाना तुमच्या दुकानाच्या जागेचा आहे, माझ्या गोदामाचा नाही. नियम नसता तरी मी घेतली नसती. शेजारच्या खोलीत एका लेकराचा पाळणा आणि कपडे आहेत. 2017 च्या फवारणीच्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात माणसं गेली, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. ते दिवस मी विसरले नाही, तुम्हीही विसरला नसाल. फवारणी पंप, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, ताडपत्र्या, वजनकाटे यांना आमच्याकडे कधीच ना नाही, त्या टिनाखालीही चांगल्या राहतात.

सोयाबीनचं बियाणं मात्र पुढच्या वर्षीही इथं आणू नका, हे व्यवहार सोडून सांगते. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के लागते. त्याचं साल नाजूक. थप्पी उंच गेली, पोतं आपटलं किंवा उन्हाळाभर टिनाखाली राहिलं की उगवण घटते, आणि जूनमध्ये शेतकरी तुमच्या दुकानासमोर उभा राहतो.

तुरीच्या पोत्यांचंही तसंच. तुरीला भुंगा लागतो. तो मारायला ज्या गोळ्या वापरतात त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो, आणि आमच्या टिनाखालच्या खोल्यांच्या आतल्या भिंती छतापर्यंत गेलेल्या नाहीत. एका खोलीतला वायू सगळीकडे जाईल. धान्य वखार महामंडळाच्या गोदामात ठेवा. तिथं पावती मिळते, पावतीवर बँक कर्ज देते. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेतही मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम उचलता येते. आमच्याकडे ठेवली असती तर तुम्ही भाडंच दिलं असतं, हाती काही आलं नसतं.

गेटची वेळ सातचीच राहील. रात्री एकच चौकीदार असतो आणि 30 कुटुंबांचं सामान आत आहे. पेरणीच्या दिवसांत सकाळी सहाला उघडत जाऊ, एवढं करते. 18 टक्के जीएसटी आहे, तो आम्हाला ठेवता येत नाही, पण फोनवर करासह एकच आकडा सांगायला हवा होता. यापुढे तसाच सांगू.

विम्याबद्दल तुम्हाला कोणी नीट सांगितलं नाही. आमचा विमा इमारतीचा आहे, ग्राहकाच्या सामानाचा नाही. करारात ते होतं, पण करार इंग्रजीत होता आणि सही करताना तुमच्या मागे ट्रॅक्टर उभा होता. करार मराठीत करून घेतला आहे. दुकानाच्या मालाचा तुमचा विमा असेल तर त्यात आमच्या गोदामाचा पत्ता लेखी चढवून घ्या, नाहीतर दुकानाबाहेरचा माल त्यात धरत नाहीत.

दोन्ही गाद्यांचे पैसे आम्ही देतो. कापसाच्या नव्या भरून घ्या किंवा तयार घ्या, पावती पाठवा. जून ते सप्टेंबरचं भाडं परत करते. वह्यांची किंमत मला लावता येत नाही. काही पानं वाचतील असं वाटतं. ती मी सावलीत पसरून वाळवत ठेवली आहेत, उन्हात ठेवली नाहीत, कारण शाई उडते.

राहिलेलं सामान शनिवारी स्लॅबखालच्या चार नंबरच्या खोलीत हलवतो, डिसेंबरपर्यंत आहे त्याच भाड्यात. कपाट, दिवाण, फ्रिज सगळं फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. फ्रिज आतून कोरडा करून दार बोटभर उघडं ठेवू. वहिनींना यायचं असेल तर सकाळी दहापर्यंत या, त्यांच्या देखतच उचलू. येताना तुमचंच नवं कुलूप आणा. दुसरी किल्ली द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. दिलीत तर दर पंधरा दिवसांनी मी स्वतः उघडून पाहीन आणि तुम्हाला फोटो पाठवीन.