‘फुकट देणाऱ्यांचा डाव’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्स या फुकट, उघड्या कोडच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पैसे घालणाऱ्या कंपन्या धर्मादाय नाहीत, त्या आपण केलेला कोड सगळ्यांसाठी परत देतात तो लायसन्सच्या (वापराच्या अटींच्या) नाइलाजाने, सेंटओएस ही फुकट लिनक्स आवृत्ती बंद करून रेड हॅट कंपनीने रंग दाखवलाच, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपला या सगळ्याचा उपयोग शून्य.

धर्मादाय नाहीत, अगदी मान्य. आयबीएमने २००१ सालासाठी लिनक्सवर एक अब्ज डॉलर जाहीर केले, कारण तिला सर्व्हर आणि सेवा विकायच्या होत्या. ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांची झाली की त्या विक्रीत दुसऱ्या कंपनीला वाटा द्यावा लागत नाही.

लायसन्सचं मात्र तसं नाही. लिनक्सचं लायसन्स, जीपीएल आवृत्ती २, म्हणतं, ज्याला तयार प्रोग्रॅम द्याल त्याला सोर्सही (माणसाने लिहिलेला मूळ कोड) मिळाला पाहिजे. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवा असं त्यात कुठेही नाही. बदललेलं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःच्याच डेटा सेंटरमध्ये चालवलं, तर कुणालाच काही द्यावं लागत नाही. गूगल वर्षानुवर्षं तेच करत होती. २००९ च्या टोकियोतल्या कर्नल समिटमध्ये त्यांच्याच माणसाने हिशेब मांडला: २.६.२६ कर्नलवर १,२०० हून जास्त पॅचेस (स्वतः केलेले बदल), आणि दर १७ महिन्यांनी ते सगळे नव्या कर्नलवर पुन्हा बसवायचे.

दुखणं इथे आहे. नवं कर्नल साधारण ९-१० आठवड्यांनी येतं आणि आतली फंक्शन्स तशीच राहतील याची हमी कुणी देत नाही. तुमचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) मूळ कर्नलमध्ये असेल, तर फंक्शन बदलणाऱ्यालाच तुमचा कोडही दुरुस्त करावा लागतो. बाहेर असेल, तर दर वेळी तुमचा इंजिनिअर बसवा. पंचगंगेवरच्या पाणीपुरवठा संस्थेसारखंच आहे हे: मोटर आणि पाइपलाइन सामाईक, ऊस ज्याचा त्याचा. वेगळी पाइप टाकायला कुणी अडवत नाही, पण फुटली की खड्डा एकट्यानेच खणायचा.

सेंटओएसचा राग रास्त आहे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ती मुदत २०२१ अखेरीवर आणली. पण कोड उघडा असल्यामुळेच मार्च २०२१ मध्ये तिच्या जागी अल्मालिनक्स आणि जूनमध्ये रॉकी लिनक्स आलं, आणि चालू सर्व्हर एका स्क्रिप्टने त्यांवर नेता आला. बंद सिस्टिममध्ये ही वाट नसते. तरीही मी छोट्या कारखान्याला डेबियन हे लिनक्सच सुचवेन, ते कुठल्याच एका कंपनीच्या मालकीचं नाही.

आता शिरोली. हिशेबाचं टॅली, डिझाइनचं सॉलिडवर्क्स, मशीनचे प्रोग्रॅम बनवणारं मास्टरकॅम विंडोजवरच राहू द्या, उगाच हट्ट नको. सुरुवात फाइल सर्व्हरपासून करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० (सुरक्षेचा हार्डवेअर भाग) नसल्यामुळे ११ वर न जाणारा एखादा पीसी पडून असेलच. ८ जीबी रॅम पुरते. सारख्या क्षमतेच्या दोन नव्या डिस्क मिरर करा (दोन्हींवर तेच लिहिलं जाईल), डेबियन आणि सांबा (विंडोजच्या पीसींना फोल्डर वाटून देणारा प्रोग्रॅम) टाका. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेला प्रोग्रॅम दोन्ही डिस्कवरून जातो. बॅकअपची तिसरी डिस्क वेगळी, काम झालं की काढून ठेवायची.

हमखास अडतं ते इथे: ऑफिसच्या पीसीवर फोल्डर दिसतो, जुन्या सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनवर दिसत नाही. मशीन चालवणाऱ्या बऱ्याच जुन्या कंट्रोलरना फक्त एसएमबी१ (फाइल वाटण्याची जुनी पद्धत) कळतं, आणि सांबाने ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवलंय. सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ग्लोबल विभागात ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ला ‘एनटी१’ द्या, टेस्टपार्म या कमांडने ती फाइल तपासा, सांबा रीस्टार्ट करा. तरी पासवर्ड नाकारला, तर ‘एनटीएलएम ऑथ’ या पासवर्ड तपासण्याच्या सेटिंगची किंमतही सैल करावी लागते.

ही सेटिंग ऑफिसच्या सर्व्हरवर मात्र करू नका. ती एका फोल्डरपुरती नसते, अख्ख्या सर्व्हरला लागते, आणि वॉनाक्राय हे फाइली ओलीस धरणारं व्हायरस पसरलं ते एसएमबी१ मधल्याच भगदाडातून. मशीनसाठी वेगळा छोटा पीसी, वेगळा स्विच, इंटरनेट नाही. प्रोग्रॅम तिथे ऑफिसच्या सर्व्हरवरून रोज एकतर्फी कॉपी करा.

तुमच्या मशीनवर कुठला कंट्रोलर आहे आणि कुठल्या सालचा, ते खाली लिहा. नेटवर्क कार्डच नसेल तर आरएस-२३२ ची (जुन्या सीरियल पोर्टची) केबल ओढावी लागेल. मग बॉड रेट (माहिती जाण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडण्याची सेटिंग) हेही कळवा.