एकसष्ट टक्के

आमचं गावचं घर दापोली तालुक्यात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीतले विजेचे खांब सगळे आडवे झाले आणि लाईट परत यायला महिना उलटून गेला, तेव्हापासून बाबांच्या डोक्यात सोलर बसला तो बसलाच. पुण्याचे नातेवाईक फोनवर सांगत होते, अहो 78 हजारांपर्यंत सबसिडी मिळते, ती का नाही घेत? पण ती स्कीम ग्रीडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या लाईनला, जोडलेल्या सोलरची, आणि लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून लाईट गेली की तो सोलरही आपोआप बंद होतो. म्हणजे आमच्याकडे जेव्हा गरज तेव्हाच तो रजेवर. मग बाबांनी आपलं सुटसुटीत घेतलं: कौलांवर एक पॅनल, माजघरात एक ट्यूब्युलर बॅटरी, आणि या दोघांच्या मध्ये भिंतीवर बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा, साबणाच्या वडीएवढा कंट्रोलर. पडवीतला बल्ब आणि बाबांच्या खाटेजवळचा छोटा पंखा थेट त्या कंट्रोलरवर.

सगळं रामायण त्या साबणाच्या वडीचं.

त्याला तीन बटणं. पहिल्यावर काय छापलंय ते बोटानं पुसून गेलंय, दुसऱ्यावर वरचा बाण, तिसऱ्यावर खालचा. स्क्रीनवर आकडे आणि दोन चित्रं, त्यातलं एक बल्बचं आहे आणि दुसरं एकतर पॅनल आहे नाहीतर वाफ्यात लावलेली रोपं. बसवायला आलेला मुलगा वीस मिनिटांत काम उरकून, चहा घेऊन, "काका कशाला हात लावू नका" एवढं प्रशिक्षण देऊन गेला. आता रिटायर्ड माणसाला कशाला हात लावू नका म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. बाबांनी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि रोज सकाळी आंघोळ-पूजा झाली की पहिलं बटण दाबत दाबत एकेक आकडा त्यात उतरवायला लागले. 13.7, 12.6, 10.7, 24, 61. दुसऱ्या दिवशी 13.7, 12.6, 10.7, 24, 61. मी फोन केला की सांगायचे, "काय स्टेबल माल आहे रे, एका पॉइंटचा फरक नाही, चोवीस तास बॅकअप आणि बॅटरी कायम एकसष्ट टक्के." मीही म्हटलं वा.

यंदा मे महिन्यात भाचा आला सुट्टीला. वय वर्षं नऊ, आणि घरात नेट नाही.

तो गेल्यावर आठवड्याभरात आईचा फोन, पडवीत काहीतरी आहे म्हणून. रोज रात्री दीड वाजता पडवीतला बल्ब आणि बाबांचा पंखा एकदम बंद. स्विच चालू, बॅटरी चालू, तरी बंद, आणि संध्याकाळी दिवेलागणीला आपोआप परत चालू. दिवसा ते कोणी लावतच नाही, त्यामुळे दिवसाचं काय ते कोणाला माहीत नाही. आता कोकणात रोज रात्री ठरलेल्या वेळेला दिवा कोण विझवतं हे काही मी सांगायला नको. शेजारच्या काकींनी तर जागाच दाखवली, चिंचेखालून जाते म्हणे. आईने नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, आणि कमाल म्हणजे त्या दिवशी दीडच्या ऐवजी सव्वालाच गेला. म्हणजे कोप वाढला.

बाबांचा भुतावर विश्वास नाही, वहीवर आहे. वहीत 24 च्या जागी 6 दिसत होता. त्यांनी ताबडतोब दुकानदाराला फोन लावला की बॅकअप चोवीसवरून सहा तासांवर आलाय, तर तो काही न बघता म्हणाला बॅटरी गेली, नवीन घ्या. वर्ष न झालेली बॅटरी! तेव्हा मात्र मला जावं लागलं.

मॅन्युअल देवाच्या कपाटात होतं, हळदीकुंकवाचं बोट लागलेलं. औषधाच्या डब्यात निघतो तसा आठ घड्यांचा एकच कागद, मुंग्यांनी लिहिलेला. फोटो काढून मोबाईलवर मोठा करून वाचला. एका बाजूला इंग्रजी, तेही असं की प्रत्येक शब्द कळतो आणि वाक्य कळत नाही, आणि दुसऱ्या बाजूला हिंदी, ज्यात लोडला, म्हणजे त्यावर चालणाऱ्या बल्ब-पंख्याला, 'भार' म्हटलंय, म्हणजे 'सूर्यास्त के बाद भार खुलेगा'. आधी बॅटरी जोडा, मग पॅनल, मग लोड, काढताना उलट्या क्रमाने, असं सत्यनारायणासारखं ठणकावून सांगितलंय, पण कंट्रोलर आधी बॅटरीवरूनच ओळखतो की सिस्टीम 12 व्होल्टची आहे का 24 ची, म्हणून तो क्रम, हे कुठेच नाही. कारण सांगितलं तर माणूस लक्षात ठेवेल ना.

रात्री साडेबाराला टॉर्चच्या उजेडात शेवटी तो तक्ता सापडला. 24 म्हणजे लोड चोवीस तास चालू. 1 ते 23 म्हणजे सूर्यास्तानंतर तेवढेच तास चालू, मग बंद. आणि सूर्यास्त झाला हे त्याला पंचांगावरून नाही कळत, पॅनलचं व्होल्टेज पडलं की त्याच्या दृष्टीने सूर्य मावळला. साडेसात अधिक सहा, दीड. नारळाच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, सूर्य पंधरा मिनिटं आधी मावळला, म्हणून सव्वा. भाच्याने पहिलं बटण दाबून धरलं असणार, आकडा लुकलुकला असणार, आणि लुकलुकणारा आकडा नऊ वर्षांच्या मुलाने सोडून द्यायचा कसा.

पण तो तक्ता वाचता वाचता मला घाम फुटायला लागला. 13.7 म्हणजे बॅटरीचं आजचं व्होल्टेज नव्हेच, फ्लोटचं सेटिंग, म्हणजे भरलेली बॅटरी ज्या व्होल्टेजवर भरलेलीच ठेवायची ते. 10.7 ला लोड तुटणार, 12.6 ला परत जोडणार, तीही सेटिंग्जच. आजचं खरं व्होल्टेज पहिल्याच स्क्रीनवर असतं, जे बाबा रोज बटण दाबून पुढे ढकलत होते. दोनशे पानी वहीत त्यांनी अकरा महिने फॅक्टरी सेटिंग उतरवून काढलं होतं. आणि 61? ते 61 नव्हतंच. त्या स्क्रीनवर इंग्रजी बी आणि सहा यात वरच्या एका काडीचा फरक. ते होतं बी-1, म्हणजे बॅटरीचा प्रकार सीलबंद. आमची पाणी घालायची ट्यूब्युलर, तिला बी-3 पाहिजे.

हे सगळं सकाळी बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? रात्रीच गुपचूप दोन्ही बदलून टाकलं.

सकाळी पूजा झाली, चष्मा लावला, वही उघडली, बटण दाबत गेले. मी चहाच्या कपात तोंड घालून बसलो होतो.

"अगं ए, ऐकलंस का," माजघरातून आवाज आला, "बॅकअप चोवीसवर आला परत! आणि बॅटरी त्रेसष्ट टक्के!"

"नारळ पावला," आई म्हणाली.